साळूचा कोरा पंजा

रानात एकच पाणवठा होता, तेव्हाची ही गोष्ट. त्याची राखण कोणी करायची, हे सगळे जण मत देऊन ठरवत. जांभळाच्या रसात बुडवलेला खडा ढोलीत टाकायचा. कोरा खडा कोणी मोजत नसे. त्यात पंजाही रंगे, आणि रंगलेल्या पंजाला पुन्हा मत नसे.

गेल्या खेपेचा राखणदार लांडगा यंदाही उभा होता. त्याने साळूच्या पिल्लांना भर उन्हात पाण्यावरून हाकललं होतं. ती आग पोटात घेऊन साळू रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली, तेव्हा ढोलीपुढे फतकल मारून बसलेला लांडग्याचा साथीदार कोल्हा गोड हसला.

"मावशी, तुमचं मत सकाळीच पडलं की! घरी जा."

साळूचे काटे ताडकन उभे राहिले. "कोणी टाकलं रे? हा बघ माझा पंजा, कोरा आहे!"

"जाऊ दे ना मावशी," मागून ससा कुजबुजला. "एका खड्यानं काय होतंय?"

"काही होत नसतं, तर चोरला कशाला?" साळू कडाडली. "माझा खडा मीच टाकणार. ऊठ, वाट सोड!"

कोल्हा हलेना. तेव्हा साळूने पाठ फिरवली, काटे फुलवले आणि ती उलट्या पावली त्याच्या अंगावर गेली. कोल्हा किंचाळत उडाला.

सकाळपासून पोटाखाली दडवलेले त्याचे पुढचे दोन्ही पंजे सगळ्यांना दिसले. कोपरापर्यंत जांभळे!

साळूने खडा रसात बुडवला, ढोलीत टाकला आणि ती सशावर खेकसली, "बघतोस काय? तुझं मत कोणी टाकलं, ते विचार त्याला!"