येसबानं गाडी जपली

एका गावात एक भोळा माणूस होता. येसबा त्याचं नाव. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून लाजतात. येसबा वाईट नव्हता, आळशीही नव्हता. खोटं तर त्याला बोलताच येत नसे. त्याची खोड एकच. त्याला जे सांगाल ते तो करायचा. तेवढंच करायचा, आणि अगदी सांगितलं तसंच करायचा.

येसबाची बायको कालिंदी बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगी झाली, बारसं झालं, बाळ मान धरायला लागलं, तरी कालिंदी माहेरीच. कारण तिचे वडील, तात्या. तात्यांचा जावयावर काडीचा भरवसा नव्हता. एकदा त्यांनी चांगुलपणानं "जावईबापू, आपलंच घर समजा" म्हटलं, तर येसबानं संध्याकाळपर्यंत त्यांचा पलंग खिडकीशी सरकवला होता आणि देवघराला निळा रंग दिला होता.

तेव्हा तात्यांनी निरोपच धाडला. लेक आणि नात यष्टीचे धक्के खात जाणार नाहीत. गाडी घ्या, ती नीट ठेवून दाखवा, आणि गुरुवारी न्यायला या. पुढचं वाक्य त्यांनी निरोप्याकडून दोनदा घोकून घेतलं होतं. "ज्याला गाडी सांभाळता येत न्हाई, त्याच्या हातात मी माझी नात देणार न्हाई."

येसबाला बायकोवाचून अजिबात करमत नव्हतं. हे तो सगळ्यांना सांगायचा, पोस्टमनलासुद्धा. बाळाला तर त्यानं बारशात पाहिलं तेवढंच. म्हणून त्यानं गाडी घेतली. पांढरी, नवीकोरी. चालवायला तो छान शिकला होता. शिकवणारा सांगेल तेवढंच करायचं असतं म्हटल्यावर त्याला ते काम फार सोपं गेलं.

सोमवारी गाडी दारात आली. किल्ली देताना शोरूमच्या माणसानं हात जोडून सांगितलं होतं, नवी आहे, तान्ह्या बाळासारखी जपा.

येसबाची आई गोदाबाई मळ्यात गेली होती. घरात विचारायला कोणी नव्हतं. पण यात विचारायचं काय? तान्ह्या बाळाला काय करतात ते येसबाला माहीत होतं. त्यानं खोबरेल कोमट केलं आणि गाडीला मालीश केलं. दारं चोळली, टप चोळला, चाकं एकेक करून ताणायचा प्रयत्न केला, ती ताणली गेली नाहीत. मग डाळीचं पीठ आणि साय लावून आंघोळ घातली. मग पाटीत निखारे घेऊन ओव्याची धुरी दिली. शेवटी दृष्ट लागू नये म्हणून बोनेटवर काजळाची ठसठशीत तीट लावली आणि गाडीला थोपटत बसला.

दुपारी रस्त्यावरून ऊस भरलेले ट्रॅक्टर गेले. धूळ उठली ती सगळी येऊन तेलावर बसली. वर पीठ होतंच. गाडी थालीपिठासारखी दिसायला लागली.

फाट्यावर गाड्या धुण्याचं वॉशिंग सेंटर चालवणारे जालिंदर मेस्त्री येसबाच्या शेजारीच राहायचे. ते जेवायला घरी आले आणि तिथंच थांबले. त्यांनी काय झालं ते विचारलं. येसबानं सांगितलं. मेस्त्रींनी कपाळ धरलं.

"गाडीला तेल लावत्यात व्हय रं? गाडीचा शांपू वेगळा मिळतो, तो लावायचा. आन् वरनं खाली धुवायचं. आधी टप, मग दारं, चाकं शेवटाला. ध्यानात ठेव, वरनं खाली."

येसबानं ते ध्यानात ठेवलं. मेस्त्रींनी दिलेला शांपू घेतला, बादल्या भरल्या, आणि सगळ्या एकेक करून घराच्या स्लॅबवर नेल्या. तिथून गाडी बरोबर खाली दिसत होती. त्यानं वरून खाली धुवायला सुरुवात केली. पाणी जोरात पडत होतं, फेस छान होत होता. काचांबद्दल मेस्त्री काही बोलले नव्हते, त्यामुळे त्या उघड्याच होत्या.

संध्याकाळी मेस्त्रींनी दार उघडून बघितलं, तर आतलं सगळं पाणी त्यांच्या चपलांवर आलं. त्यांनी चपला काढून झटकल्या. मग त्यांनी शांतपणे समजावलं, की धुणाऱ्यानं खाली उभं राहायचं, गाडीच्या शेजारी. काचा आधी बंद करायच्या. आणि धुवून झालं, की पाणी तसंच वाळू द्यायचं नाही, पांढरे डाग पडतात. लगेच टिपून घ्यायचं.

"सगळं टिपून घ्यायचं?" येसबानं विचारलं.

"सगळं. थेंबन् थेंब."

मंगळवारी सकाळी सीटा उन्हात वाळल्या. येसबानं खाली उभं राहून, काचा बंद करून, वरून खाली गाडी धुतली. इतकी नीट धुतली, की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. मग त्यानं चुलीतला कोळसा आणला आणि टिपायला बसला. घराच्या पांढऱ्या भिंतीवर त्यानं लिहिलं, "टपावर पाणी आहे. पुढच्या काचेवर पाणी आहे. डाव्या आरशावर थोडं पाणी आहे, तेही पडायला आलंय." थेंबन् थेंब म्हटल्यावर भिंत पुरेना. तो वळून दुसऱ्या भिंतीवर गेला, तोवर ऊन चढलं आणि गाडीवर वाटाण्याएवढे पांढरे डाग पडले.

गोदाबाई मळ्यातून आली ती भिंती वाचत वाचतच घरात शिरली. तिनं मेस्त्रींना हाक मारली. मेस्त्रींनी सगळ्या भिंती वाचल्या. सगळ्यात वाईट म्हणजे त्यात एकही चूक नव्हती.

"येसबा," ते म्हणाले, "टिपायचं म्हंजे लिवायचं न्हाई. मऊ सुती फडकं घ्यायचं आन् हलक्या हातानं पुसायचं. कोण बी टिपून घे म्हटलं, की फडकं. कळलं का?"

येसबाला कळलं. तेवढ्यात तात्यांचा फोन आला. गुरुवारी किती वाजता यायचं, येताना सासूबाईंसाठी काय आणायचं, कुठल्या रस्त्याचं काम चालू आहे म्हणून कुठून वळायचं, असं सगळं तात्यांनी सविस्तर सांगितलं आणि म्हणाले, विसराल, टिपून घ्या. येसबानं मऊ सुती फडकं घेतलं आणि फोन हलक्या हातानं पुसला. टिपलं का, असं तात्यांनी विचारलं. येसबा म्हणाला, टिपलं, चांगलं टिपलं, आता डाग पडणार नाही. तात्यांना वाटलं लाईन खराब आहे. त्यांनी फोन ठेवला.

बुधवारी मेस्त्रींनी स्वतः ते पांढरे डाग काढले. काढता काढता सांगितलं, की गाडीचा रंग नवा आहे तोवरच जपला पाहिजे. ऊन असतं, पाऊस असतो, पाखरं घाण करतात. म्हणून वरून कोट द्यायचा.

"कोट?" येसबा म्हणाला.

"कोट. दोन कोट दिले तर वर्षभर बघायला नको. फाट्यावर दोन गिऱ्हाइकं हायत, ती उरकून येतो, मग बघू."

मेस्त्री गेले. येसबाला वाटलं, मेस्त्रींना आधीच पुष्कळ त्रास झालाय. निदान एवढं तरी आपण करून ठेवावं. घरात कोट नेमके दोनच होते. एक त्याच्या लग्नातला, मरून रंगाचा. दुसरा त्याच्या वडिलांचा काळा, तो ते फक्त कोर्टाच्या तारखेला घालायचे. मरून कोट त्यानं बोनेटवर घातला, बाह्या दोन्ही आरशांत अडकवल्या आणि बटणं लावली. तो कोट गाडीला जरा तंग झाला. काळा मागच्या डिकीला घातला, तो बसला. बुधवार बाजाराचा दिवस. बाजाराला निघालेली माणसं थांबून बघायला लागली. कुणी विचारलं, गाडीचं लग्न आहे का? येसबा म्हणाला, नाही, रंग टिकावा म्हणून. एका म्हाताऱ्यानं गाडीला हात जोडले आणि पुढं गेला.

मेस्त्री आले, गर्दीतून वाट काढून पुढं गेले आणि त्यांनी आपल्या हातानं कोटाची बटणं काढली. गाडीचा कोट मेणाचा असतो हे त्यांनी सांगितलं नाही. आता येसबाला आणखी एकही गोष्ट सांगायची त्यांची हिंमत नव्हती. येसबाला त्यांनी म्हशींकडं पाठवलं आणि गाडीला मेण त्यांनी एकट्यानं लावलं, एकदा आणि वाळल्यावर पुन्हा. दिवस मावळताना गाडी अशी चमकली, की गोदाबाईला त्यात आपल्या कपाळावरची आठी दिसली.

पण गोदाबाईच्या मनात वेगळीच पाल चुकचुकली. अख्ख्या बाजारानं गाडीकडं टक लावून बघितलं होतं. दृष्ट लागल्याशिवाय राहणार नाही. उद्या याच गाडीतून नात यायची होती. तिनं भाकरीचा तुकडा, लिंबू आणि मिरच्या घेतल्या, गाडीवरून ओवाळल्या आणि येसबाच्या हातात दिल्या. गावाबाहेर जिथं तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर नेऊन ठेव म्हणाली.

"आन् नीट ऐक. ओवाळलेलं घरात आणायचं न्हाई. तिठ्यावर ठेवायचं, मागं वळून बघायचं न्हाई, वाटंत कुणाशी बोलायचं न्हाई. सरळ घरी यायचं."

"आई, ओवाळलेलं म्हणजे कुठलं बी?"

"कुठलं बी. घरात आणलं तर घराला भोवतं."

येसबा गेला. तिठ्यावर सगळं ठेवलं. मागं वळला नाही. वाटेत मेस्त्रींनी हाक मारली, त्यांच्याशीही बोलला नाही. सरळ घरी आला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्याचं काहीही चुकलं नव्हतं. गोदाबाईला इतकं बरं वाटलं, की तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अस्संच करत जा बाबा नेहमी."

येसबा सुखानं झोपला.

गुरुवारी किती वाजता जायचं ते त्याला आठवत नव्हतं, म्हणून तो तांबडं फुटायलाच निघाला. रस्ता कुठं बंद आहे तेही आठवत नव्हतं, म्हणून वाटेत भलताच वेळ गेला. अशा रीतीनं तो बरोबर वेळेवर पोचला.

तात्या ओसरीवर वाट बघत होते. ते उठले आणि गाडीभोवती फिरले. टपावरून बोट फिरवून बोटाकडं बघितलं. चाकं बघितली. वाकून खालून बघितलं. दार उघडून आत नाक खुपसून वास घेतला. कालिंदी बाळाला घेऊन उंबऱ्यातून सगळं बघत होती. तिलाही घरी जायचं होतं. येसबा कसाही असो, तिचा होता, आणि तिलाही त्याच्यावाचून करमत नव्हतं. फक्त ती ते पोस्टमनला सांगत नव्हती.

तात्या सरळ उभे राहिले. "जावईबापू," ते म्हणाले, "माझं चुकलं. गाडी लई मायेनं ठेवलीया." आणि त्यांनी नात येसबाच्या हातात दिली.

बाळानं येसबाचं बोट धरलं. येसबाला रडू आलं. तात्यांनाही आलं. जेवणं झाली. निघताना सासूबाई तबक घेऊन आल्या. त्यांनी आधी जावयाला कुंकू लावून ओवाळलं. मग लेकीला ओवाळलं. मग बाळाला. मग नव्या गाडीच्या बोनेटवर कुंकवाचं बोट ओढलं, अक्षता टाकल्या आणि गाडीलाही ओवाळलं.

येसबाचा चेहरा उतरला. सगळ्यांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून कालिंदीसाठी त्याचा जीव कळवळतोय. तो वाटभर एक अक्षर बोलला नाही. कालिंदी मागं बसून बाळाचं एकेक कौतुक सांगत होती. त्यानं हूं की चूं केलं नाही.

तिठा आला. येसबानं गाडी रस्त्याच्या कडेला सावलीत घेतली. हँडब्रेक ओढला. उतरला. दार हलक्या हातानं लावलं. आणि घराकडं चालायला लागला.

"अवो," कालिंदी म्हणाली. "अवो, कुठं निघालासा?"

येसबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. पण त्यानं मान वळवली नाही. बाळ रडायला लागलं, तेव्हा त्याचे पाय जड झाले. तरी तो वळला नाही. सरळ घरी आला.

गोदाबाई दारात पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं त्याच्या मागं बघितलं. मागं कोणी नव्हतं. तिनं विचारलं, सून कुठं आहे? नात कुठं आहे? गाडी कुठं आहे?

"तिठ्यावर ठेवल्या," येसबा हुंदका देत म्हणाला. "तिघींना बी सासूबाईंनी ओवाळलं गं आई. घरात कसं आणू?"

गोदाबाईच्या हातातला तांब्या पडला. एवढ्या वर्षांत ती त्याच्यावर कधी ओरडली नव्हती. आज मात्र तिचा तोल गेला.

"अरं मुडद्या, सासूनं तुला न्हाई का ओवाळलं? मग तूच का न्हाई बसलास तिठ्यावर?"

येसबानं विचार केला. आईचं म्हणणं बरोबर होतं. त्याला तर सगळ्यांच्या आधी ओवाळलं होतं. तो आल्या पावली माघारी फिरला आणि पळतच सुटला.

तिठ्यावर बाळाला जोजवत बसलेल्या कालिंदीला तो लांबून येताना दिसला, आणि तिचा सगळा राग गेला. आला एकदाचा. तिनं बाळाचं दुपटं सावरलं, डोळे पुसले. येसबा आला, तिच्याशेजारी मागच्या सीटवर बसला आणि त्यानं आनंदानं बाळाला मांडीवर घेतलं.

"चला आता," कालिंदी म्हणाली.

"कुठं चला?" येसबा म्हणाला. "आता मी बी हितंच हाय. आईनंच सांगितलंया."