मतदारसंघाला कावळा शिवला

“माझा मतदारसंघ माझ्यासमोर आणून दाखवा, तोवर ही वाट बंद!” असं बजावून नरसिंगरावांनी आपल्या शेतातल्या वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या आणि काठ्या देऊन दोन दांडगे गडी बसवले.

हिवरदऱ्याचे लोक हवालदिल झाले. डेअरीला, शाळेला, एसटीला जायला तेवढीच वाट. आणि मतदारसंघ आणायचा कुठून? भैरवखोरे मतदारसंघ सरकारनं फेररचनेत कधीच मोडीत काढला होता!

नरसिंगराव तिथून पाच वेळा आमदार झाले होते. पहिल्यांदा त्यांनी सख्ख्या मामाला पाडलं. दुसऱ्यांदा विरोधात उभा होता तो त्यांचाच आचारी. विजयाची जिलबीही त्यानंच तळली. मग एक दिवस नकाशावर रेघ पडली. अर्धी गावं उत्तरेला गेली, अर्धी दक्षिणेला. रेघ अशी तिरपागडी की साहेबांचा बंगला एका मतदारसंघात आणि परसातला संडास दुसऱ्यात! तेव्हापासून साहेब बिथरले होते. “वाट मी माझ्या मतदारांना दिली होती. तुम्ही आता माझे कोण?”

सरपंच नारळ घेऊन गेले, शिव्या घेऊन आले. गुरुजींनी जुना नकाशा नेला. साहेब खेकसले, “कागद नको! जितंजागतं काहीतरी आणा!”

शेवटी साहेब वाटेवर आले तेव्हा जमलेल्या लोकांतून सुगंधा ढेरे पदर खोचून पुढे झाली. डेअरीला घालायचं तिचं दूध सलग दोन दिवस नासलं होतं.

“साहेब, मी आणते तुमचा मतदारसंघ. पण तो जिवंत आहे का मेलाय?”

“मेला गं! सरकारनं मारला!”

“मग त्याचे दिवस घातलेत का?”

“कुणाचे?”

“मतदारसंघाचे! पाच वेळा त्याच्या जिवावर जेवलात आणि साधा पिंड ठेवला नाहीत? मेलेलं माणूस कावळ्याच्या रूपानं येतं. मतदारसंघही तसाच येईल!”

लोक फिसकन हसले. साहेब लालबुंद झाले, पण चारचौघांत माघार कशी घ्यायची?

“ठेव पिंड! कावळा आला नाही तर वाट कायमची बंद!”

सुगंधानं बाभळीच्या ढिगाजवळच पत्रावळीवर भाताचा पिंड ठेवला. वाटेकडेच्या लिंबावर चांगले सात-आठ कावळे होते. खाली टकमक बघत होते, पण एकही उतरेना.

“काहीतरी इच्छा राहिली असणार त्याची,” सुगंधा म्हणाली. “शब्द द्या साहेब.”

साहेबांनी हात जोडले. “ओढ्यावर पूल बांधीन!”

एका कावळ्यानं मान फिरवली.

“दवाखाना आणीन!”

दुसरा पंख खाजवू लागला.

“घरोघरी नळ देईन!”

एक कावळा तर उडूनच गेला!

साहेबांना घाम फुटला. “मग हवंय तरी काय त्याला?”

“वाट हवी असेल. मेल्यावरसुद्धा जायला वाट लागतेच की!”

“बरं बाई, उघडतो वाट!”

कावळे ढिम्म.

“नुसतं तोंडानं नको, साहेब!”

साहेबांनी चिडून गड्यांना खूण केली. गड्यांनी काठ्या टाकल्या आणि फांद्या ओढत लांब बांधापलीकडे नेल्या. लोकही मागे सरले. वाट मोकळी झाली आणि वरून एक कावळा झेपावला तो थेट पिंडावर!

“हा घ्या तुमचा मतदारसंघ!” सुगंधा ओरडली. “जिताजागता!”

“मला शिकवतेस होय?” साहेब गुरगुरले. “काठीवाले गडी हटले म्हणून आला तो! त्यात माझा मतदारसंघ कुठला?”

“तुमचाच आहे साहेब, ओळख पटत नाही का? पाच निवडणुका बघितल्यात त्यानं. तो बोलण्यावर येत नाही, केल्यावर येतो!”

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, कावळ्याकडे बघितलं आणि असे गडगडून हसले की बिचारा कावळा घास टाकून उडाला!

वाट त्यांनी तिथल्या तिथे गावाला देऊन टाकली. सुगंधाला एक दुभती म्हैस बक्षीस दिली. वर म्हणाले, “दावं धर आणि आत्ताच घेऊन जा बाई! उद्यावर टाकलं, तर हेही आश्वासनच म्हणशील!”