मनाईतलं पद

फीऐवजी पुढच्या रांगेतली खुर्ची मागणारा वकील आता कुठला मिळायला! आमच्या सांगलीत होते एक, त्र्यंबकराव. सगळ्या नटमंडळींचे खटले तेच चालवायचे.

गायिका अनसूयाबाईंनी जुनी नाटक कंपनी सोडली, तेव्हा मालक भाऊसाहेब इतके चिडले, की बाईंच्या गाजलेल्या नदीच्या पदावर त्यांनी कोर्टातून मनाई आणली. ते पद बाईंनी दुसऱ्या कंपनीत गायचं नाही. आणि त्या पदाशिवाय बाईंना ऐकायला येणार कोण?

"बाई, तुम्ही फक्त गप्प उभ्या राहा," त्र्यंबकराव म्हणाले. मी पेटीवाला. मला म्हणाले, "आणि तू हात मांडीवर ठेव."

नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला भाऊसाहेब चूक पकडायला पुढेच बसले होते, त्र्यंबकरावांच्या शेजारी. दुसऱ्या अंकात लोकांनी पदासाठी गलका केला. बाईंनी नुसते हात जोडले. मग मागून कुणीतरी पहिली ओळ उचलली आणि बघता बघता सगळं थिएटर गाऊ लागलं. बाई डोळे पुसत ऐकत राहिल्या.

पद संपलं तसे भाऊसाहेब उठून गरजले, "हा कोर्टाचा अपमान आहे! एकेकाला खेचतो कोर्टात!"

"जरूर खेचा," त्र्यंबकराव म्हणाले. "फक्त पहिलं नाव स्वतःचं घाला. अंतरा तुम्हीच सगळ्यांत मोठ्यानं गायलात."

भाऊसाहेब मटकन खाली बसले. मग घसा खाकरून त्यांनीच आरोळी ठोकली, "वन्स मोअर!"