ओहोटी तीन दहा

“पण तिनं सूचना पाळली नाही, एवढं तरी लिहून द्याल ना, बाबा?”

याकूबबाबा चुलीत काटक्या सारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“डोळ्यांनी पाहणारे तुम्ही एकटेच. दोन ओळी पुरेत. अंगठा उठवलात तरी चालेल.”

“सही येते मला,” बाबा म्हणाले.

नवलेमास्तर जरा ओशाळले.

मच्छिंद्र नवले नगरकडच्या अकोले तालुक्यातले शाळामास्तर. डोंगर त्यांना घरच्या परसासारखा ठाऊक. समुद्र मात्र उभ्या आयुष्यात चारदा पाहिला असेल. तरी त्यांच्या पुस्तकात समुद्राला एक पान होतंच.

पुस्तकाचं नाव ‘एक्केचाळीस अवघड जागा’. जिथे सहलीला गेलेली माणसं जिवाला मुकतात, अशा जागा आणि तिथे कसं जपावं याचे नियम. कड्याकडे पाठ करून फोटो काढू नये. शेवाळलेल्या दगडावर पाय टाकू नये. डोहाचा तळ दिसला म्हणून उतरू नये. गावात सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. सगळं नेमकं, आकड्यानिशी. मोघम लिहिणाऱ्यांची मास्तरांना चीड होती. मोघम सूचना माणसं मारते, असं ते व्याख्यानात सांगत आणि टाळ्या घेत.

चाळीस जागा त्यांनी स्वतःच्या पायांनी तुडवल्या होत्या. एक्केचाळीसावी हा दर्ग्याचा खडक. चारी बाजूंना समुद्र, वर पिराची कबर आणि बाबांची झोपडी. पाणी उतरलं की किनाऱ्यापासून खडकापर्यंत वाळूचा दांडा उघडा पडतो, त्यावरून माणसं चालत येतात. पाणी चढलं की दांडा नाहीसा होतो. मास्तर त्या पानासाठी कधी आलेच नव्हते. आज पहिल्यांदा आले, तेही त्यांची विद्यार्थिनी रोहिणी इथे बुडून गेल्यानंतर वर्षाने.

“काय नाव म्हणालास पोरीचं?” बाबांनी विचारलं. बाबा कुणालाच अहोजाहो करत नसत, अगदी दर्शनाला आलेल्या तहसीलदारालाही नाही.

“रोहिणी. रोहिणी वाकचौरे.”

“हां... रोहिणी.”

बाबांनी चहाचं पाणी उतरवलं आणि बराच वेळ ते तसंच हातात धरून बसले.

“माझी सर्वांत गुणी विद्यार्थिनी,” मास्तर म्हणाले. “सोळाव्या वर्षी आली माझ्याकडे. सहा वर्षं दोराच्या गाठी शिकली. मी म्हटल्याशिवाय पाऊल पुढे टाकत नसे. एकदाच बेफिकीर झाली. एकदाच.”

हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलं होतं. वर्षभर प्रत्येक शिबिरात ते रोहिणीची गोष्ट सांगत आले होते. शेवटी हेच वाक्य. मुलं चिडीचूप होत.

तसं बोलताना त्यांना काही वाटत नसे असं नाही. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. पोरगी गेली तेव्हा ते तीन दिवस जेवले नव्हते, आणि चौथ्या दिवशी त्यांना तिचा राग आला. राग आल्यावर जेवण पोटात गेलं. तेव्हापासून त्यांनी तो राग जपून ठेवला होता.

“मग माझ्या सहीचं काय काम?”

मास्तरांनी खरं ते सांगितलं.

“एकदा व्याख्यानाला तिची आई येऊन बसली होती. मला दिसली नाही, मागे होती. संपल्यावर पुढे आली. म्हणाली, सर, माझ्या पोरीनं खरंच आईकलं न्हाई का हो तुमचं?”

“तू काय म्हणालास?”

“नाही ऐकलं, हौसाबाई, म्हणालो. तिनं पदर सारखा केला आणि गेली. पण आता भेटेल तिथे हेच विचारते. बाजारात विचारते. एसटीत विचारते. मी सांगतो, तिला पटत नाही. तुम्ही लिहून दिलंत तर...”

“तर तिला पटेल?”

“तिचं विचारणं तरी थांबेल.”

बाबांनी चहा दोन पेल्यांत ओतला.

“पुस्तक आहे जवळ?”

मास्तरांनी पिशवीतून पुस्तक काढलं. मोठ्या हौसेने काढलं, हे सांगायला हवं. एवढ्या दुःखातही पुस्तक दाखवायचं म्हटलं की त्यांचा हात लवकर चाले.

“वाच. आमच्या खडकाचं पान.”

मास्तरांनी वाचलं. “दर्ग्याच्या खडकावर भरतीच्या वेळी जाऊ नये. सोबतच्या कोष्टकात दोन वर्षांतील रोजच्या ओहोटीची वेळ दिली आहे. त्या वेळेनंतर निघावे. तिथून पुढे सहा तास वाट मोकळी असते.”

“त्या दिवशीची वेळ?”

“तीन दहा. बंदरातल्या तक्त्यावरून उतरवून घेतलेली आहे. मिनिटाचाही फरक नाही.”

“आणि आजची?”

“नऊ वीस.”

“किती वाजले?”

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. “नऊ अठरा.”

“चल,” बाबा म्हणाले.

दोघं खडक उतरून दांड्यावर आले. वाळू ओली, कडक, रुंद. दोन्ही बाजूंना पाणी पार लांब गेलेलं. मास्तर तासाभरापूर्वी याच वाटेने आले होते. त्यांचा बेत खरं तर नऊ वीसनंतर निघायचा होता. पण किनाऱ्यावर मासळीची टोपली घेऊन बसलेली बाई म्हणाली, जायचं तर आत्ताच जा, नंतर कशाला जाता. मास्तर मनात हसले होते. हिला कोष्टक काय कळणार, म्हणत, पण वाट कोरडी दिसली म्हणून निघाले होते.

“आता पाणी जायला लागणार,” बाबा म्हणाले.

“लागणार. सहा तास जाणार.”

“मग ठेव पुस्तक. पाण्याच्या कडेला.”

मास्तरांना गंमत वाटली. त्यांनी वाकून पुस्तक पाण्यापासून वीतभर अंतरावर ठेवलं. दोघं बाजूच्या दगडावर बसले.

बाबा पाण्याकडे पाहत बसले.

...

दहा मिनिटं काहीच झालं नाही.

मग एक लाट पुस्तकापर्यंत आली आणि मागे गेली.

“वाऱ्यानं,” मास्तर म्हणाले.

बाबांनी नुसतं पाण्याकडे बोट दाखवलं.

दुसरी लाट आली. मागे गेली, पण पुरती नाही.

तिसऱ्या की चौथ्या लाटेला पुस्तकाचा कोपरा उचलला गेला. एक्केचाळीस अवघड जागा वाळूवर जराशा फिरल्या आणि भिजल्या.

मास्तरांनी पुस्तक उचललं नाही. ते घड्याळ पाहत राहिले. नऊ पंचेचाळीस.

“बाबा, पाणी येतंय.”

“हो.”

“पण ओहोटी नऊ वीसला...”

“संपली नऊ वीसला.”

मास्तरांनी घड्याळावरून नजर काढली.

“शाळा अकरा वाजता म्हटलं, की अकराला भरते. सुटत नाही अकराला. मी तसंच... ओहोटी तीन दहा म्हणजे तीन दहाला सुरू होते, असं...”

“तक्त्यात ओहोटी लिहितात ती पाणी तळाला गेल्याची वेळ. मग ते फिरतं. इथलं शेंबडं पोर पाण्यामागोमाग येतं आणि पाणी फिरायच्या आत परत जातं. कुणी लिहून ठेवत नाही. कुणाला विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

“मी... विचारलं नाही.”

“त्या टोपलीवालीला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं.”

मास्तर खाली पाहत होते. पुस्तक आता घोट्याएवढ्या पाण्यात होतं.

मास्तरांनी जे विचारलं, ते त्यांना विचारायचं नव्हतं.

“ती कशी आली होती?”

“तीन वाजून गेल्यावर. हातात हेच पुस्तक. गावात मैत्रिणीचं लग्न होतं, त्या घरी सांगून आली होती. गावात सांगितल्याशिवाय निघायचं नाही म्हणाली, सरांचा नियम आहे.”

मास्तरांनी डोळे मिटले.

“मी तापाने फणफणलो होतो. पोरगी दर्शन घेऊन निघायची, ती माझ्या उशाशी बसली. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. पेज शिजवली. मध्येच एकदा म्हणाली, बाबा, ओहोटी आत्ता कुठे लागली, मग वाट आधीच एवढी कोरडी कशी हो?”

“तिला शंका आली होती?”

“आली होती.”

“मग...”

“मग आपली आपणच म्हणाली, सर नेहमी हातचं राखून लिहितात. माणसांना धोका नको म्हणून.”

मास्तरांनी तोंडावर हात दाबून धरला. रडणं येईल असं त्यांना वाटलं होतं. ते आलं नाही.

“मला ऐकू येत होतं, उमजत नव्हतं,” बाबा म्हणाले. “तापात होतो. नाहीतर हाताला धरून पिटाळलं असतं. सव्वापाचला म्हणाली, गावातून औषध घेऊन येते. दांड्यावर तेव्हा गुडघाभर पाणी असणार. तिला वाटलं असेल, वाऱ्यानं चढलंय, सर लिहितात म्हणजे उतरणारच. पावलागणिक कमी होईल...”

बाबांना पुढचं सांगायचं नव्हतं आणि मास्तरांना ऐकायचं नव्हतं.

“हे तुम्ही आजवर कुणाला बोलला नाहीत?”

“कुणाला? विचारायला कुणी आलंच नाही. जे आले ते मलाच सांगून गेले, पोरगी बेफिकीर होती म्हणून.” बाबांनी दाढीवरून हात फिरवला. “मलाही बरंच वाटलं असेल. माझ्या पेजेपायी थांबली होती ती. मीही उठून कुणाकडे गेलो नाही. मास्तर, चूक एकट्या तुझीच आहे असं समजू नकोस.”

...

मास्तर उठले. त्यांनी वाकून पुस्तक उचललं, निथळलं, पिशवीत घातलं. सवयच तशी.

“येतो बाबा.”

“नीघ. अजून अर्धा तास आहे. थांबू नकोस वाटेत.”

मास्तर दांड्यावरून चालू लागले. बाबा बघत राहिले. मास्तर शंभर पावलं नीट गेले. दीडशे गेले. दांडा जिथे सखल होता, जिथे दोन्हीकडचं पाणी आधी एकत्र येई, तिथे पोचले आणि थांबले.

बाबांना आधी वाटलं, वहाण काढताहेत.

मग मास्तर तिथेच खाली बसले.

बाबा काठी घेऊन निघाले. सत्तरी उलटलेला माणूस, गुडघे दुखरे, पण चालीत घाई होती. पोचले तेव्हा सखलात पाणी आलं होतं आणि मास्तर त्यात मांडी घालून बसले होते. पिशवी कडेला पाण्यावर हलत होती.

“ऊठ.”

“तुम्ही मागे जा, बाबा. पाणी चढतंय. तुमच्याच्यानं चालवणार नाही.”

“तुला कळतंय ना चढतंय ते?”

“आता कळतंय.”

“मग ऊठ.”

मास्तर हलले नाहीत.

“सहा वर्षं मी तिला एकच शिकवलं. सांगितलं तेवढंच करायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही. तिनं तेच केलं.” आता त्यांना रडू आलं. मोठा माणूस रडतो तसं वेडंवाकडं आलं. “आणि मी गावोगाव तिला बेफिकीर म्हणत फिरलो. तिच्या आईच्या तोंडावर म्हणालो. कोणत्या तोंडानं जाऊ आता तिच्यापुढे?”

बाबा उभेच राहिले. त्यांनी हात पुढे केला नाही.

“ती एसटीत भेटेल. बाजारात भेटेल. पुन्हा तेच विचारेल. माझ्यानं नाही सांगवणार, बाबा. इथंच राहू द्या मला. पुस्तक लिहिणाऱ्यानं जिथं माणूस मारलं तिथंच...”

पाणी बाबांच्या पोटऱ्यांना लागलं.

किनाऱ्यावरची टोपलीवाली उठून उभी राहिली होती आणि हात कपाळाशी नेऊन इकडे पाहत होती.

बाबा खाली वाकले. मास्तरांच्या कानाशी तोंड नेऊन, तापातल्या माणसाशी बोलावं तसं हळू म्हणाले,

“तू इथे बुडलास, तर पोरगी बेफिकीरच राहील.”