चव उत्तम

एक होतं रान. रानात झरा होता, करवंदाच्या जाळ्या होत्या, जमिनीखाली कंद होते, आणि या सगळ्यावर देखरेख ठेवायला सरकार होतं. त्यामुळे पिल्लं उपाशी होती.

त्याआधी ती निदान पाकिटं चाटायची. रानाच्या कडेला सहलीला येणारी माणसं कुरकुरीत खाऊची पाकिटं टाकून जात. वेलावरचं करटुलं, म्हणजे साधी रानभाजी, दाखवली तर चिमी नावाचं भेकराचं पाडस विचारायचं, "हे कोणत्या पाकिटातलं?" हे ऐकून राजे अस्वलमहाराजांना गहिवरून आलं. 'आपलं रान, आपलं पान' ही योजना जाहीर झाली. पाकिटांवर बंदी आली, शाळेत रानातलं जेवण शिकवायचं आणि खिलवायचं ठरलं, आणि सगळा रानमेवा योजनेसाठी राखून ठेवण्यात आला. कुणी परस्पर खाऊन आरोग्य सुधारू नये एवढाच हेतू होता.

शाळेच्या साळूबाई जातीच्या साळिंदर. कुठल्या वेलाखाली कोणता कंद, तो किती वेळ झऱ्यात भिजवला की घशाला खाजत नाही, हे त्यांच्या नखांना पाठ होतं. पहिल्या दिवशी चिमीनं दोन कंद खाल्ले आणि तिसरा मागितला. तिच्या बरगड्या मागच्या बाकावरूनही मोजता यायच्या, म्हणून साळूबाईंनी तिला चौथाही दिला.

पण योजनेत एक नियम होता. पिल्लांच्या आधी कुणीतरी मोठ्यानं जेवण चाखायचं आणि नोंदवहीत शेरा लिहायचा. नियम शहाणपणाचा होता, कारण काही कंद खरंच विषारी असतात. बाकीच्या शाळांतले मुरलेले गुरुजी तोंड न लावताच 'ठीक' लिहीत. साळूबाईंनी प्रामाणिकपणे घास खाल्ला आणि लिहिलं, 'चव उत्तम'. इथेच माशी शिंकली.

पुढच्या जेवणाला आहार अधिकारी उदमांजर हजर झाले.

"बाई, 'उत्तम' हा शेरा आमच्या खात्यात पहिल्यांदाच आलाय. पडताळणी करावी लागेल."

त्यांनी अर्धी टोपली पडताळली. नंतर मंत्री तरस आले, कारण अधिकाऱ्यानं एकट्यानं चाखलं तर लोक संशय घेतात. त्यावर विरोधी पक्षनेते रानडुक्कर शाळेच्या दारात आडवे झाले. "एकाच बाजूनं चाखायचं? ही हुकूमशाही आहे!" त्यांना आत बोलावण्यात आलं. त्यांनी दोन टोपल्या खाऊन निषेध नोंदवला.

शेवटी स्वतः अस्वलमहाराज आले. ओठाला लागलेला मध पुसत ते म्हणाले, "बाळांनो, तुमच्या ताटातला प्रत्येक घास आधी मी खाईन. तुमच्यासाठी विष पचवायची माझी तयारी आहे." पिल्लांनी टाळ्या वाजवल्या. ताटं त्यांच्यासमोर होतीच, रिकामी असल्यामुळे ती वाजवायलाही बरी पडली.

चिमी आता फळ्यावर काढलेल्या करटुल्याच्या चित्राकडे टक लावून बसायची. साळूबाईंना ते बघवेना. त्यांनी मन घट्ट केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं, 'चव वाईट'.

दुसऱ्याच दिवशी चौकशी समिती आली. चव नेमकी कुठे बिघडली ते शोधायला समितीनं सात दिवस तिन्ही त्रिकाळ खाल्लं. निष्कर्ष निघेना, म्हणून मुदतवाढ घेतली.

वर्षअखेरीस परीक्षा झाली. रानातल्या आहाराची माहिती पिल्लांना तोंडपाठ होती. वर्षभर तो मोठ्यांना खाताना पाहण्यापलीकडे त्यांनी काही केलंच नव्हतं. चिमी पहिली आली. महाराजांनी पळसाच्या पानावर लिहिलेलं प्रमाणपत्र तिच्या हाती दिलं. तिनं ते व्यासपीठावरच खाल्लं. पान स्थानिक असल्यामुळे कुणाला आक्षेप घेता आला नाही, आणि योजना यशस्वी झाल्याचं त्याच सभेत जाहीर झालं.

वर्षं गेली. महाराज थकले आणि निवडणूक लागली. साळूबाईंच्या वर्गातली पिल्लं आता मोठी झाली होती. त्यांतल्या एकूण एकानं उमेदवारी अर्ज भरला. बाकीच्या शाळांतल्यांनीही भरला, कारण पुढे पडताळणी तिकडेही सुरू झाली होती आणि जेवण असंच शिकवलं गेलं होतं.

चिमी हात जोडून साळूबाईंच्या बिळाशी आली.

"बाई, मत मलाच द्यायचं हं."

"देईन गं. पण निवडून आलीस तर करशील काय?"

चिमीनं फार विचार केला नाही. "आधी जेवीन," ती म्हणाली.

साळूबाईंना रागवायचं होतं. चार कंद जास्त दिले असते तर, असं त्यांच्या मनात आलं आणि रडूच आलं. त्यांनी मान डोलावली.

मतदानाच्या दिवशी सगळं रान उमेदवार म्हणून मंडपात बसलं होतं. मतदार म्हणून रांगेत एकट्या साळूबाई उरल्या होत्या. त्यांनी मत दिलं, आणि मतदान शंभर टक्के झाल्याचं सरकारनं अभिमानानं जाहीर केलं.