ज्योत तेवढी दिसते

“...म्हणजे ज्योतीशिवाय काहीच दिसत नाही, म्हणतोस?”

“काहीच नाही, बुवा!” माणिकराव छाती फुगवून म्हणाले.

सहा वर्षं झाली, रोज सकाळी इराप्पाबुवांच्या मठीत समईसमोर बसून ते ज्योतीवर नजर लावत होते. इतकं टिकलेला दुसरा शिष्य मठीत नव्हता, आणि ही गोष्ट माणिकराव कुणाला विसरू देत नसत. आज बुवांनी ‘साधलं’ एवढा एक शब्द बोलावा, म्हणून त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

“आणि समईपुढून उठलास, तरी?” बुवा जरा पुढे सरकले.

“उठलो तरी तेच! परवा ताटात डावीकडे चटणी वाढलेली, मला पत्ताच नाही. दोनदा मागितली. बायको खेकसली. जाता-येता दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. आजूबाजूचं जगच गळून पडलं, बुवा!”

“डोळे दुखतात?”

“छे हो! काही म्हणजे काही नाही.”

“तुझे वडील शेवटी शेवटी काय करायचे रे?”

हा कुठला मधेच प्रश्न! माणिकराव गोंधळले. “ओट्यावर बसून असायचे. दिसत नव्हतं त्यांना. वयच झालं होतं...”

बुवांनी देवापुढची दोन जास्वंदीची फुलं उचलली, एकेका हातात एक.

“माझ्या नाकाकडे बघ. नजर हलवायची नाही. फुलं दिसली की सांग.”

माणिकरावांना हसूच आलं. नजर न हलवणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ! ते बघत राहिले. बुवांचं नाक, त्यावरचा तीळ... पण फुलं कुठं होती? बुवांचे हात तरी कुठं होते?

...आणि एकदम नाकासमोर दोन लालभडक जास्वंदी!

“हवेतून काढलीत!” माणिकरावांनी बुवांचे पायच धरले. “चमत्कार, बुवा, चमत्कार!”

“हवेतून कुठली रे, वेड्या. तुझ्या दोन्ही कानांपासून हलवत हलवत आणली.”

माणिकराव पायांवरून उठलेच नाहीत.

“मला काचबिंदूची शंका येते,” बुवा म्हणाले. “आजच तालुक्याला जा. डोळ्यांचे डॉक्टर दाब मोजतील, आतली नस बघतील. धाकट्या भावालाही दाखवून घे, हे बापाकडून मुलांत उतरतं.”

“पण दुखत तर नाही...”

“म्हणून तर तुला सिद्धी वाटली.”

“गेलंय ते परत येईल?”

“नाही.”

माणिकरावांना ओट्यावर बसलेले वडील आठवले. पावलं वाजली की नुसती मान वळवायचे. फार भीती वाटली त्यांना.

“उरलंय ते राखता येतं,” बुवा म्हणाले. “पण रोज. न चुकता. आता बरं आहे म्हणून सोडायचं नाही.”

“तुम्हाला हे सगळं कसं ठाऊक?”

बुवांनी कमरेच्या बटव्यातून बोटभर बाटली काढली. मान मागे टाकली, दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडला, डोळे मिटले, आणि नाकाजवळचे दोन्ही कोपरे बोटांनी दाबून स्वस्थ बसले.

माणिकराव बघतच राहिले. अहो, ही बैठक तर ते रोज सकाळी लांबून पाहत आले होते! तिला ‘गगनमुद्रा’ हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. वर चार जणांना शिकवलीही होती.

“बुवा... ही तर मी चार वर्षं करतोय. एका दिवसाचा खाडा नाही.”

“करून दाखव.”

माणिकरावांनी मान मागे टाकली, डोळे मिटले, बोटं कोपऱ्यांवर ठेवली.

बुवांनी डोळे उघडून बारकाईनं पाहिलं.

“मुद्रा अगदी बरोबर आहे, माणिका. थेंब तेवढा राहिला.”