आवडीची तीन फुलं

सात टेकड्यांच्या पलीकडे एक इवलंसं गाव होतं. गावात देवीचं देऊळ, आणि देवळाच्या पायऱ्या संपल्या की एक झोपडी. झोपडीत दोघीच जणी: तुळसा आणि तिची आठ वर्षांची लेक आवडी. तुळसा देवीच्या माळा करायची. तिच्या बोटांची काय तारीफ सांगावी! अबोली ओवायला बसली की वाटायचं, दोऱ्यावरून केशरी मुंग्यांची रांगच चाललीय.

पण त्या वर्षी तुळसाची बोटं आखडली. वाळल्या शेंगांसारखी वाकडी झाली. दोरा धरवेना, घास उचलवेना. पाले झाले, लेप झाले, काही म्हणता काही गुण येईना. मग आवडीच फुलं आणायची, माळ ओवायची आणि आईला भरवायची. "आ कर बघू, हा चिऊचा, हा काऊचा!" तुळसा हसायची, आणि हसता हसता तोंड फिरवायची.

एवढी फुलांत वाढलेली पोर, पण तिनं जन्मात कधी फूल हुंगलं नव्हतं. हुंगलेलं फूल उष्टं, ते देवीला कसं चालेल? फुलं तोडताना तोंड वळवून श्वास घ्यायचा, ही आईची शिकवण.

एके दिवशी सकाळी आवडी ओढ्याकाठी गेली. केवड्याच्या बनात काहीतरी लुकलुकत होतं. बघते तर काय! बोटभर उंचीची एक परी! अंगात दवाचा झगा, केसांत चांदण्यांचा चुरा, आणि निळा-जांभळा पंख काट्यात अडकलेला. आवडीनं हळूच एकेक काटा बाजूला केला. तिची बोटं रक्ताळली, पण पंखाला ओरखडा आला नाही.

"दुखलं का गं?" आवडीनं विचारलं.

"अगं वेडे, रक्त तुझं आलंय आणि विचारतेस मला?" परी किणकिणत हसली. "बोल, काय देऊ?"

"माझ्या आईची बोटं बरी कर."

परीनं टाळी वाजवली. आवडीच्या परडीत तीन फुलं उतरली. एक हळदीसारखं पिवळं, एक पहाटेसारखं गुलाबी, एक दुधासारखं पांढरं. तिन्हींच्या पाकळ्यांवर चमचम चमचम!

"जो हुंगेल त्याचं दुखणं जाईल," परी म्हणाली. "पण नेम ऐक. तू स्वतः हुंगायचं नाहीस. वाटेत कुणी फूल मागितलं तर नाही म्हणायचं नाही. आणि दिलेलं फूल परत मागायचं नाही."

आवडी परडीवर ओढणी टाकून धूम पळाली. तीन तर आहेत, एक तरी आईपर्यंत पोचेलच की!

टेकडीवर गुराखी भिवाबाबा खोकत बसले होते. "पोरी, फूल दे गं एखादं. खोकल्यानं पावा वाजत नाही, गुरं माघारी येत नाहीत. आज फुलाकडेच बघत बसतो." आवडीनं पिवळं फूल दिलं. बाबांनी हुंगलं, आणि छाती अशी मोकळी झाली की पाव्याच्या पहिल्याच सुरावर चारी बाजूंनी गाई हंबरत आल्या.

पाणवठ्यावर सगुणा रडवेली उभी होती. तिचं तान्हं दोन दिवस दूध पीत नव्हतं, रडून रडून आवाज बसला होता. "आवडे, खेळायला फूल दे गं याला." आवडीनं गुलाबी फूल बाळाच्या नाकाशी धरलं. बाळ शिंकलं, हसलं, आणि आईच्या पदरात शिरून चुटुचुटु प्यायला लागलं.

आता उरलं एक. घर दिसत होतं, दारातली तुळससुद्धा दिसत होती. आणि वाटेतच, दगडावर, चंद्राकाकू!

चंद्राकाकूही माळा करायची. जिभेला मोठी धार. "तुझ्या आईनं शिळी फुलं ओवली, म्हणून देवीनं बोटं धरली," असं चारचौघांत म्हणायची. आवडी पावलं न वाजवता जायला लागली.

"कोण? आवडी का?" काकूचा आवाज आज मऊ होता. "अगं, मला दिसत नाही गं आता. कुणाला सांगितलं नाही. काल सुई बोटात गेली. एक फूल दे, हातानं तरी ओळखता येतं का बघते."

आवडीनं एकदा घराकडे पाहिलं. पण नेम तो नेम. तिनं पांढरं फूल काकूच्या हातावर ठेवलं.

काकूनं पाकळ्या चाचपल्या. "छे! हे काही ओळखू येत नाही. घे बाई, घेऊन जा परत."

परत! परत मागायचं नाही, असा नेम होता. आपण होऊन दिलं तर? परी त्यावर काही बोलली नव्हती. आवडीचा हात पुढे झाला. डोळ्यांपुढे आईची बोटं आली. मग तिला काकूच्या बोटावरचा सुईचा लाल ठिपका दिसला, आणि हात मागे आला.

"काकू, हुंगा ते."

"हुंगू? शिव शिव! माळा करणारी बाई मी, साठ वर्षांत फूल हुंगलं नाही."

"हे देवीचं नाही हो. तुमचं आहे. हुंगा ना!"

काकूनं भीत भीत फूल नाकाशी नेलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि पाण्याबरोबर सगळा पडदा वाहून गेला. "अगंबाई! किती वाळलीस गं तू!" ती म्हणाली.

रिकामी परडी घेऊन आवडी घरी आली आणि आईच्या कुशीत शिरून सगळं सांगून ढसाढसा रडली.

"उगी," तुळसा म्हणाली. "ते फूल परत आणलं असतंस, तर मला हुंगवलं नसतं."

तेवढ्यात दारात पावा वाजला. भिवाबाबा आले, सगुणा बाळ घेऊन आली, आणि अबोलीची टोपली घेऊन चंद्राकाकू आली. "तुळसे, माझ्या जिभेला हाड नव्हतं. माफ कर. आजपासून तुझ्या वाटणीची माळ मी ओवणार."

तिघांच्या अंगाला त्या तीन फुलांचा वास लागला होता. झोपडी घमघमली. तुळसानं सवयीनं नाकाला पदर लावला, पण हा वास फुलांचा थोडाच होता? माणसांचा होता! तिनं पदर सोडला आणि खोल श्वास घेतला. करंगळी हलली. मग एकेक बोट, कळी उमलावी तसं उघडलं.

छपराखाली निळा-जांभळा उजेड पसरला. "आवडे, मी दिली तीनच फुलं," परीचा आवाज आला. "चौथं तू केलंस." उजेड लख्ख झाला, सोन्याचा झाला, आणि परी त्यातच विरून गेली.

सगळे म्हणाले, "तुळसा, ओव बघू माळ!"

"माळ राहू दे." तुळसानं फणी घेतली आणि लेकीला पुढ्यात ओढलं. "चार महिने वेणी नाही घातली माझ्या लेकीची. बस अशी. हलू नकोस."

आवडीच्या घरी सुख आलं, तसं ते तुमच्याआमच्या घरी येवो, आणि येताना शेजारच्यालाही घेऊन येवो.